शेवंती, सॉसेज आणि माझं कलेचं क्रेडिट

ह्राडेक, टेक्सस
ईस्टरच्या उपासातला पहिला शुक्रवार

तीर्थस्वरूप जॉर्जीन आत्या,

तुला, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आणि मला पाहिलं की सोफ्याखाली जाऊन गुरगुरणाऱ्या तुझ्या कुत्रीलाही मार्लीचा नमस्कार. गुडघा आता कसा आहे? डॅलसचे डॉक्टर काय म्हणतात? इकडचे डॉक्टर म्हणतात की बाबांनी मीठ कमी करावं. बाबा म्हणतात, सॉसेजवाल्यानेच मीठ सोडलं तर डॉक्टरांना दर शनिवारी लागतं ते लांबलचक सॉसेज कोण करून देणार? तेव्हा दोघांचं तूर्त बोलणं बंद आहे. (शनिवारची खरेदी चालू आहे, ती खुणांनी होते.) आई मजेत आहे. पाऊस नाही, गवत नाही, पण हे गाईंना कोणी सांगितलेलं नाही, त्या पूर्वीइतकंच खातात. मी आत्ता दुकानाच्या गल्ल्यावर बसून लिहिते आहे. उपासाच्या शुक्रवारी कॅथलिक गावात सॉसेजचं दुकान उघडं कशाला ठेवायचं, असं मी बाबांना विचारलं. "लुथरन लोकांसाठी, त्यांना शुक्रवारीही मांस चालतं," म्हणाले. सकाळपासून एक लुथरन आला, तोही रस्ता विचारायला.

तुझं पत्र मिळालं. आईने ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तिसऱ्या ओळीला बाबांना ट्रकमध्ये काहीतरी विसरल्याचं आठवलं, आणि पत्र संपेपर्यंत ते ट्रकमध्येच बसून राहिले. तू लिहितेस की भावाची एकुलती एक मुलगी, डोक्याने बरी, तिला तू डॅलसला नेऊन हिशेबनीस करणार होतीस. आणि ही शाळेत लोखंडाचं जोडकाम शिकली, डुकरं पारखायला शिकली, आणि आता शेवटच्या वर्षाला येऊन फुलं बांधते आहे, यालाच तुमच्याकडे शिक्षण म्हणतात का? शिवाय आईने फोनवर तुला होमकमिंगच्या रात्रीची हकिगत सांगितली, ती ऐकून तू म्हणालीस म्हणे की ही पोरगी काही शाळा पास होत नाही. आत्या, मी तुझा मान ठेवते. पण मे महिन्यात मी झगा-टोपी घालून, सगळ्या गावासमोर चालत जाऊन डिप्लोमा घेणार, ही काळ्या दगडावरची रेघ आहे. कशी घेणार ते नीट सांगते, कारण आईने सांगितलेली हकिगत अर्धीच आहे. (उरलेली अर्धी आईला माहीत नाही.)

आठवीत असताना, शाळेत विषय निवडायला मदत करणाऱ्या पुस्तेयोव्स्की बाईंनी आम्हा सगळ्यांना हायस्कूलच्या चार वर्षांचा आराखडा करायला बसवलं. (हे आडनाव न अडखळता लिहिणाऱ्याला इंग्रजीचं एक क्रेडिट तिथल्या तिथे द्यावं, असं माझं मत आहे.) डिप्लोमाला काय काय लागतं ते त्यांनी फळ्यावर लिहिलं: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, व्यायाम, परकी भाषा, कला. बाकीची पोरं आधी हे सगळं भरून उरलेल्या जागी आवडीचे विषय घालत होती. मी उलट केलं. आधी सगळीकडे शेतकी भरली आणि मग कुठे काय अडतं ते पाहिलं. तुला खोटं वाटेल, पण फारसं अडलंच नाही. पशुविज्ञानाचा वरचा वर्ग विज्ञानात धरतात. त्यात रक्त, पेशी, आनुवंशिकता सगळं असतं, फक्त बेडकाच्या जागी गाय. शेतकी गणित गणितात धरतात. आता वासरांच्या खाण्यात मका किती आणि पेंड किती, हे मला विचारल्याशिवाय बाबा पोतं उघडत नाहीत. (तुला हवी होती ती हिशेबनीस मी झालेच आहे, माझी खाती रवंथ करतात एवढंच.) इंग्रजीला मात्र शेतकीत पर्याय नाही. मी पुष्कळ शोधला. बाईंनी माझा कागद पाहिला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "मार्ली, ह्यात कला कुठाय गं?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." हेच उत्तर मी त्यांना दर वर्षी दिलं.

आता तू म्हणशील की पोरीने प्रयत्नच केला नसेल. नववीत मी गायनात नाव घातलं. सरांनी एक दिवस मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव." नाताळच्या कार्यक्रमात मी ओठ इतके मन लावून हलवले की पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या व्लास्ताकाकूंना वाटलं आपलं कानातलं यंत्र बिघडलं. त्यांनी ते काढून बाकावर आपटलं, आणि मग ते खरंच बिघडलं. दहावीत नाटक. मला राजवाड्याचा दारवान केलं होतं. ऐन प्रयोगात निरोप आला की काळी कालवड अडली आहे. मी तशीच मिशा लावून गोठ्यावर गेले, आणि दार उघडायला कोणी नसल्यामुळे राजा दुसऱ्या अंकात बाहेर येऊच शकला नाही. (वासरू सुखरूप आहे. राजा अजून माझ्याशी बोलत नाही.) अकरावीत चित्रकला. मनातली भावना काढा, असं सरांनी सांगितलं. मी गाय काढली. ते म्हणाले, ही गाय आहे. मी म्हटलं, हो. चर्चा यापुढे जाईना, म्हणून मी वर्ग बदलून जोडकामाला गेले.

अशा रीतीने शेवटचं वर्ष उजाडलं. ऑगस्टमध्ये पुस्तेयोव्स्की बाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं. "मार्ली यानाक, आता पुढचं वर्ष नावाचं काही उरलेलं नाही. कला नाही तर डिप्लोमा नाही." आणि डिप्लोमा नाही तर विद्यापीठातलं मांसशास्त्रही नाही. (तिथे मला आता जागा मिळाली आहे, हे आईने तुला सांगितलं का? सांगितलं नसेल. तिला कुत्र्यांची गोष्ट जास्त आवडते.) आत्या, हे मी तुला एकदाच गंभीरपणे सांगते. आजोबांचं हे दुकान मला चालवायचं आहे, आणि नुसतं बाबांच्या मागे उभं राहून नाही, शिकून चालवायचं आहे. सॉसेजला धुरी किती द्यायची हे बाबा अजून नाकाने ठरवतात. त्यांचं नाक उत्तम आहे, पण मला आईचं मिळालं आहे. मला पुस्तकातूनच शिकावं लागणार. बाबांनंतर हे दुकान बंद झालेलं मला बघवणार नाही, म्हणून मला तो डिप्लोमा हवा आहे. फोटो काढायला नको आहे.

माझा चेहरा पाहून बाईंनाच दया आली. त्यांनी सांगितलं की पुष्परचनेचा वर्ग शेतकी खात्यातच आहे, आणि तो कलेत धरतात. आत्या, मी आनंदाने त्यांच्या टेबलावर मूठ मारली. इतकी वर्षं मी कला सगळीकडे शोधत होते आणि ती आमच्याच गोठ्यात बसली होती! सामान काय तर तार, पक्कड, कात्री आणि चिकटपट्टी. कुंपणं बांधून हाताला घट्टे पडलेल्या मुलीला गुलाब बांधणं काय जड आहे, असं मला वाटलं.

पुष्परचना शिकवायला मिस त्रेविन्यो आहेत. अंगाने चिमणीएवढ्या, पण त्या वर्गात शिरल्या की फुटबॉलवाले पोरगेसुद्धा टोप्या काढतात. पहिल्या दिवशी कोटाला लावायचं फूल करायचं होतं. मी कार्नेशनच्या देठाला तार घातली, आमच्या पद्धतीने तीन पीळ दिले, टोक पक्कडीने दाबलं आणि ओढून पाहिलं. फाटक टांगलं तरी हललं नसतं. मिस त्रेविन्योंनी ते हातात घेतलं. डोकं देठापासून वेगळं होऊन त्यांच्या कॉफीत पडलं, तार मात्र जशीच्या तशी राहिली. "मार्ली, हे फूल आहे. हे कुठे पळून जाणार नाहीये." माझ्या शेजारी डॅल्टन मिगल बसतो. आमच्या संघातला सगळ्यात आडदांड गडी, दारातून तिरका होऊन आत येतो. आणि त्याच्या हाताखाली गुलाब असे उभे राहतात की कोणी त्यांना हळूच जागं केलं असावं. त्याला पहिल्या दिवसापासून पैकीच्या पैकी. मला हे सहन होत नव्हतं, हे मोकळेपणाने सांगते.

ऑक्टोबरात होमकमिंग आलं. तुला काय सांगायचं, जुने विद्यार्थी गावात परत आलेले, शुक्रवारचा सामना, मध्यंतरात राणीची निवड, आणि पोरीपोरींच्या छातीवर शेवंती. तुझ्या वेळी ती खऱ्या फुलाची असायची म्हणे, तळहाताएवढी. आता ती कापडाची असते, ताटाएवढी, आणि तिच्याखाली पायापर्यंत रिबिनी, वेण्या, घंट्या आणि कापूस भरलेली अस्वलं. मुलगी त्याच्यामागे कुठेतरी असते. गावातल्या सगळ्या शेवंत्या आमचा वर्गच करतो, आणि राणीपदाला उभ्या राहिलेल्या केन्झी व्राना हिने फर्मावलं की तिची शेवंती आजवर गावाने पाहिली नसेल अशी हवी. ते काम मी मागून घेतलं. त्याच कामावर माझे पहिल्या सहामाहीचे मार्क होते. मी लोखंडी सळीचा सांगाडा जोडला, मागे वासराच्या पट्ट्याने खांद्याला बांधायची सोय केली, आणि बारक्या घंट्या संपल्या तेव्हा घरून खऱ्या आणल्या. बाबा कुत्र्यांना गुरं वळायला शिकवताना गाईंच्या गळ्यात बांधतात, त्या. नाद फार गोड आहे.

गुरुवारी संध्याकाळी शाळेतलं फुलांचं शीतकपाट बंद पडलं. आत राणीपदाच्या मुलींच्या आयांसाठी मनगटावर बांधायचे गुलाबांचे ताजे गुच्छ होते. सगळे हवालदिल झाले, आणि मी उभी राहून म्हटलं, "आमच्याकडे आहे की थंड खोली." बाबांना विचारलं. ते म्हणाले, "गार आहे ना? मग झालं." गुच्छ आम्ही सॉसेजच्या माळांच्या मधल्या फळीवर ठेवले. कापडी शेवंत्यांना गारव्याची गरज नसते हे मला माहीत होतं, पण वरचे हूक मोकळे होते, म्हणून त्याही टांगल्या. धुरीच्या खोलीतून लसूण-मिऱ्यांचा ताजा माल त्याच दिवशी आत आला होता. आता तू विचारशील, तुम्हाला वास आला नाही का? आत्या, तू ह्याच घरात वाढलीस. तुला कधी आला होता का? (डॅलसला गेल्यावर तुझ्या ऑफिसातल्या बायकांनी सांगितलं तेव्हाच तुला कळलं, असं आजी सांगायची.) आम्हाला सॉसेजचा वास येत नाही. आम्हाला ती हवा वाटते.

शुक्रवारी मध्यंतर झालं. राणीपदाच्या मुली आपापल्या बापाचा हात धरून मैदानात आल्या, मागून आया. कुंपणाला लागून नेहमीप्रमाणे ट्रक उभे होते आणि ट्रकांत कुत्री, आणि गावातली निम्मी कुत्री बाबांनीच शिकवून विकलेली. प्रेक्षकांत सुस्कारे सुटले, नाकं वर झाली. "कोणीतरी भट्टी लावलीय बघ," असं लोक एकमेकांना म्हणू लागले, आणि मैदानाच्या कडेला बाबा सॉसेजची टपरी लावतात तिथे रांग लागली. तेवढ्यात केन्झीने पाऊल टाकलं आणि घंट्या वाजल्या. वास सॉसेजचा, नाद गुरांचा. कुत्र्यांनी आणखी काय करायचं होतं? ती ट्रकांतून उतरली. भुंकली नाहीत, चावली नाहीत. शिकवल्याप्रमाणे पोट जमिनीला लावून अर्धवर्तुळ करून आली आणि पाचही मुली, त्यांचे बाप, आया, मुख्याध्यापक आणि गेल्या वर्षीची राणी अशा सगळ्यांना शिस्तीत गोलपोस्टजवळच्या कोपऱ्यात नेऊन कोंडलं. केन्झी किंचाळत होती, "मार्लीऽऽ, आवर ती कुत्री!" पण किंचाळताना ती हले, हलली की घंटा वाजे, आणि घंटा वाजली की कुत्री आणखी जवळ सरकत. एका कुत्र्याने तिच्या आईच्या मनगटावरचा गुच्छ इतक्या प्रेमाने चाटला की शेवटी नुसती रिबीन राहिली. शेवटी बाबांनी टपरीतूनच शीळ घातली तेव्हा सगळी कुत्री जागच्या जागी बसली. प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सामना आम्ही हरलो, पण कोणी त्याचं नाव काढत नाही. राणीपद केन्झीलाच मिळालं. ती कोपऱ्यातच होती, मुकुट तिथेच नेऊन घातला.

सोमवारी मिस त्रेविन्योंनी मला मार्क दिले. "बांधणी उत्तम. एवढी धावपळ झाली, एक पाकळी सुटली नाही. रंगसंगती बरी. साठवण शून्य. घंट्यांबद्दल काय लिहावं ते मला कळत नाहीये, म्हणून तिथेही शून्य." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पहिल्या सहामाहीत मी नापास झाले. वर्षाची सरासरी काढतात, म्हणजे दुसऱ्या सहामाहीत मला भरपूर मार्क हवेत. मी रडले नाही. (दुकानाच्या मागे जाऊन थोडी रडले. तिथे धूर असतो, कोणाला कळत नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी वर्गात जाऊन बसले, आणि तेव्हापासून रोज बसते.

एक दिवस डॅल्टन माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "तू फुलाला वासरासारखं धरतेस." मी भडकले. म्हटलं, "तुला काय माहीत रे मी वासराला कशी धरते? नुकतं जन्मलेलं वासरू मी इतकं हळू धरते की त्याला कळतही नाही." तो म्हणाला, "मग तसंच धर की." आत्या, चार महिने मिस त्रेविन्योंनी जे सांगितलं ते ह्या रेड्याने एका वाक्यात सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या हातून फुलांची डोकी पडत नाहीत. परवा मी ट्यूलिपची परडी केली. मिस त्रेविन्योंनी ती सगळीकडून पाहिली, वास घेतला, परत घेतला आणि म्हणाल्या, "ट्यूलिपला वास नसतो. ह्यालाही नाही. शाबास."

तेव्हा आता एकच गोष्ट उरली आहे. वर्षाची शेवटची परीक्षा अशी, की प्रत्येकाने गावात स्वतः गिऱ्हाईक शोधायचं आणि एका खऱ्या समारंभाची सगळी फुलं एकट्याने करायची. डॅल्टनला बँकेचा वाढदिवस मिळाला. मी गेले चार आठवडे गावभर हिंडते आहे. अग्निशमनवाल्यांनी त्यांच्या जेवणाला फुलं नकोत म्हणून सांगितलं. गेल्या वर्षी होती. चर्चमध्ये फादर म्हणाले की उपासाच्या दिवसांत वेदीवर फुलं ठेवत नाहीत, आणि ईस्टरनंतर काय, असं विचारल्यावर त्यांनी विषय बदलून माझ्या आत्म्याची चौकशी केली. व्लास्ताकाकूंच्या नव्वदीचं काम जवळजवळ मिळालं होतं, पण त्यांनी कुत्रा पाळला आहे. शेवटी मी अंत्यविधीवाल्या कोवारसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, माझं गिऱ्हाईक तक्रार करणार नाही हे खरं. पण त्याला घेऊन कुत्री निघाली तर घरच्यांना मी काय सांगू?" तरी मी हिंमत सोडलेली नाही. तू काळजी करू नकोस, बाबांनाही रागावू नकोस. मी मार्ग काढणार आणि पास होणार, हे पत्र तू जपून ठेव म्हणजे मे महिन्यात ताडून बघता येईल.

सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी, पास होणारच असलेली भाची,
मार्ली

ता. क. – तुझ्या लग्नाची बातमी कळली! मनापासून अभिनंदन. (हे खरं तर पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण मी एका ओघात लिहीत गेले.) होणाऱ्या आतोबांना माझा नमस्कार सांग. ते दातांचे डॉक्टर आहेत हे ऐकून बाबा खूश झाले. घरात एक तरी डॉक्टर असा आला की जो मिठाबद्दल बोलणार नाही. आई म्हणते लग्न इथल्याच चर्चमध्ये, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आहे आणि फुलं डॅलसच्या कुठल्याशा मोठ्या दुकानातून येणार आहेत. इतक्या लांबून येताना फुलांचे फार हाल होतात, हे मी वर्गात शिकले आहे. माझी परीक्षा योगायोगाने मेच्या पहिल्या सोमवारी संपते. तुझ्या लक्षात आलंच असेल.

दुसरा ता. क. – मिस त्रेविन्योंना मी सांगून टाकलं आहे की तू हो म्हणालीस. त्यांनी ते फळ्यावर पक्क्या शाईच्या पेनाने लिहिलं. चुकून, पण आता निघत नाही.

तिसरा ता. क. – फुलं आपल्या दुकानात ठेवणार नाही. चर्चच्या हॉलमधलं शीतकपाट मी आताच मागून ठेवलं आहे, आत फक्त जर्दाळू भरलेल्या गोड कोलाची-पावांच्या लाद्या असतील आणि त्याही मी बाहेर काढीन. बाबा त्या दिवशी सगळ्या कुत्र्यांना घेऊन नदीवर जायला तयार आहेत. (बहिणीच्या लग्नाला ते नसतील याचं त्यांना वाईट वाटतं, पण भाषण करावं लागणार नाही म्हणून बरंही वाटतं.)

शेवटचा ता. क. – आणि तू नाही म्हणालीस, डॅलसच्या माणसाकडूनच सगळं केलंस, तरी माझं काही बिघडणार नाही. मी उन्हाळी वर्गात बसेन आणि तिथे पास होईन. पण तुझ्या हातातला गुच्छ मीच बांधणार, त्याला मार्क नसले तरी. दर नोव्हेंबरात तू आजीच्या थडग्यावर पांढरी कार्नेशन ठेवतेस, आणि कोणी बघत नाही असं पाहून त्यातलं एक पर्समध्ये घालून डॅलसला नेतेस. मी पाहिलं आहे. डॅलसच्या माणसाला हे माहीत नाही, तो तुला गुलाब देईल. पांढरी कार्नेशन मी आजच मागवली.